न गंजणारं पोलाद

१

लाल फडकं उचललं आणि इब्राहिम मिस्त्रींचा हात तसाच अधांतरी राहिला.

फडक्याखाली पाट होता. पाटावर कानशी, हातोड्या, पकडी ओळीनं मांडलेल्या, त्यांवर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूची फुलं. भिंगारच्या बाजारातल्या त्या एवढ्याशा बंदुकीच्या दुकानात खंडेनवमीला हत्यारांची अशी पूजा व्हायचीच. मिस्त्रींच्या वडिलांच्या वेळी तीन हिंदू कारागीर कामाला होते. ते गेले, पूजा राहिली. आता ती झाडलोट करणारी चांगुणा मांडत असे.

"जमादार," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले, "दोन ठेवली होती. एकच दिसतंय."

सहादेव जमादार उंबऱ्यातच उभा होता. पोलिसांच्या शस्त्रागारात बत्तीस वर्षं बंदुका पुसून तो पेन्शनीत निघाला, त्याच वर्षी बायको गेली. तेव्हापासून मिस्त्रींच्या दुकानातला तो मोडका स्टूल हेच त्याचं घर झालं होतं. रोज दुपारी चारला यायचं, मिस्त्रींची पत्रं वाचून दाखवायची, त्यांचं रजिस्टर लिहून द्यायचं, एका कपातला चहा दोन बश्यांत प्यायचा. दिवसभरात कोणाशी बोलणं झालं तर ते एवढंच.

त्यानं वाकून पाहिलं. संध्याकाळचा उजेड उतरला होता. कुंकवानं माखलेलं, झेंडूखाली चकाकणारं पांढरं रिव्हॉल्व्हर पाटावर होतं. शेजारची जागा रिकामी.

"काळं गेलं," मिस्त्री म्हणाले. "या अल्ला, काळं गेलं!"

"कशालाच हात लावू नका," सहादेव म्हणाला. जन्माची सवय बोलली. "आधी चौकीवर कळवू."

ते बोलणं पुढं त्याला किती महागात पडणार होतं, हे त्याला तेव्हा कुठं माहीत होतं?

२

दोन्ही रिव्हॉल्व्हर एका निवृत्त कर्नलसाहेबांची. परदेशातून आणलेली, एकाच कारखान्याची, एकाच मापाची, वजनालाही सारखी. फरक फक्त अंगाचा. एक पोलादाला निळं-काळं पॉलिश चढवलेलं, वांग्याच्या सालीसारखं. दुसरं स्टेनलेसचं, पॉलिशच नसलेलं, पांढरंशुभ्र. साहेब छावणी सोडून दक्षिणेत निघाले तेव्हा दोन्ही विकायला मिस्त्रींकडे ठेवून गेले.

गिऱ्हाईक मिळालं पारनेरकडचं. आप्पासाहेबांना नुकताच परवाना मिळाला होता, एकाच हत्याराचा. एकाहत्तर सालचा तो दसरा. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि रानातल्या वस्त्यांवर चोऱ्या वाढल्या होत्या. विसार देऊन तीन आठवडे आप्पासाहेब येत होते, दोन्ही हातात घेत होते, आणि ठरत काही नव्हतं.

"काळंच खरं," ते म्हणायचे. "रुबाब हाय त्याला. ह्ये पांढरं म्हंजी दुधाचा तांब्या वाटतो."

"पण त्याला दर आठवड्याला तेल लागेल, साहेब," मिस्त्री सांगायचे. "घामाचा हात लागला, पुसलं नाही, की चौथ्या दिवशी गंज. पांढरं विसरलात तरी चालतं."

"मंग पांढरंच घ्या की, दादा," हे आप्पासाहेबांचे धाकटे भाऊ, कानिफनाथ. दर खेपेला बरोबर यायचे आणि दर खेपेला हेच म्हणायचे. "तेल नको, फडकं नको. पान्यात पडलं तरी काय हुतंय त्याला?"

"तुला काय करायचंय रे? परवाना माझा, रिव्हॉल्व्हर माझं!" आप्पासाहेब हसायचे. कानिफनाथ हसायचे नाहीत.

खंडेनवमीला शेवटचं ठरवायचं म्हणून दोघे भाऊ दुपारीच आले होते. मिस्त्रींनी दोन्ही काढून ठेवली. चांगुणा म्हणाली, एवीतेवी बाहेर काढलीच हायती तर पूजेला लावते. मिस्त्री हो म्हणून नमाजाला गेले. आप्पासाहेब दुकानाच्या ओट्यावर सहादेवाशी दुष्काळावर बोलत बसले, ते जाईपर्यंत जागचे हलले नाहीत. कानिफनाथ तेवढे पाणी प्यायला दुकानातून मागच्या अंगणात गेले आणि एसटी गाठायची म्हणून परसदारानंच निघून गेले. मिस्त्रींना यायला उशीर झाला, तसे आप्पासाहेबही "परवा येतो" म्हणून उठले. मग मिस्त्री आले आणि त्यांनी फडकं उचललं.

फौजदारानं हे सगळं ऐकून घेतलं. पांढरं रिव्हॉल्व्हर कागदात गुंडाळून, मोहोर लावून ताब्यात घेतलं.

"आप्पासाहेबांना काळं हवं होतं, पण ते तुमच्या शेजारी बसलेले. बरोबर?"

"बरोबर."

"कानिफनाथ आत गेले, पण त्यांचा जीव पांढऱ्यावर. चोरायचं असतं तर पांढरं उचललं असतं. पांढरं तर इथंच आहे. ती बाई? तिला त्यातलं काय कळतंय? मग उरलं कोण, जमादार?"

फौजदारानं मिस्त्रींकडं बोट केलं.

"मिस्त्री. बिनपरवान्याच्या गिऱ्हाइकाला काळं विकलं आणि चोरीचा बोभाटा केला."

दुकानाला सील लागलं. जीपमध्ये चढताना मिस्त्रींची पायरी चुकली. सहादेवानं हात दिला.

"जमादार, शरिफाला पुणतांब्याला पत्र टाका. पण हे लिहू नका," मिस्त्री म्हणाले. बहिणीशिवाय त्यांना कोणी नव्हतं.

दसऱ्याला लोक एकमेकांना सोनं देत फिरत होते. सहादेव खोलीत बसून होता. आपट्याची चार पानं घेऊन तो चौकीपर्यंत गेला, पण आत सोडलं नाही. पानं खिशातच चुरगळली.

३

चोरीची बातमी गावी कळली आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब विसार परत मागायला आले, तेव्हा दुकानाला सील. सहादेवानं त्यांना समोरच्या हॉटेलात बसवलं.

"तुमच्या मिस्त्रीनं लई वाईट केलं राव," ते म्हणाले. "माझं मन काळ्यावर बसल्यालं. त्याला म्हाईत हुतं."

"मिस्त्रीनं केलं न्हाई, आप्पासाहेब."

"मंग भुतानं नेलं?"

"घरी सांगितलं का तुमी? कानिफरावांना?"

"सांगितलं की. काळं चोरीला गेलं म्हनलं, तर बेणं माझ्या तोंडाकडं बघतच राह्यलं. 'काळं? काळं कसं?' म्हनतंय. मंग एकटंच हसाय लागलं, आन् मंग गप. जेवलं बी न्हाई. उठलं आन् वस्तीवर गेलं."

"एकलेच ऱ्हातात का वस्तीवर?"

"वाटन्या झाल्यापून. बायको गेली म्हायेरी, रानात भ्या वाटतं म्हून. आता ह्यो गडी दिस मावळला की आतून कडी लावून बसतो. शेजारच्या वस्तीवर चोर आले तवापून तर इचारूच नका. भित्रं पहिल्यापून." आप्पासाहेबांनी बशी तोंडाला लावली. "त्यानं बी अर्ज केल्ता परवान्याचा. नामंजूर झाला. एका घरात दोन कशाला, असं सायबाचं म्हननं."

सहादेवाच्या मनात एक शब्द रुतून बसला. काळं कसं? चोरीला गेल्याचं नवल त्या माणसाला वाटलं नव्हतं. काळं गेल्याचं वाटलं होतं.

पण पांढरं तर चौकीत होतं. सहादेवानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

की पाहिलं नव्हतं?

४

"जमादार, तुम्ही जुने म्हणून दाखवतो," फौजदार म्हणाला. "सील मी तोडणार, मीच पुन्हा लावणार. हात मात्र जपून."

कागद सुटला. झेंडूच्या पाकळ्या सुकून चिकटल्या होत्या. सहादेवानं रिव्हॉल्व्हर खिडकीपाशी नेलं आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

नळीवर, बोटाएवढ्या जागेत, तांबूस पुरळ उठलं होतं.

"कुंकू आहे ते," फौजदार म्हणाला.

सहादेवानं बोट ओलं करून घासलं. पुरळ जागचं हललं नाही. बत्तीस वर्षं तो याच एका शत्रूशी लढला होता; त्याची ओळख कशी चुकेल?

"साहेब, हा गंज हाय."

"मग?"

"स्टेनलेसला तीन दिवसांत गंज चढत न्हाई."

त्यानं घोड्याच्या खाचेत पाहिलं. चापाच्या कडीच्या आतल्या बाजूला पाहिलं. जिथं बोट पोचत नाही, तिथं तिथं काळी-निळी रेघ उरली होती.

"स्क्रू काढायची पट्टी हाय का? मुठीखाली नंबर असतो. कर्नलसाहेबांनी मोठी लाकडी मूठ बसवलेली, म्हून बाहेरून दिसत न्हाई."

लाकूड निघालं. फौजदारानं रजिस्टर उघडलं, आकडे जुळवले आणि पुन्हा एकदा जुळवले.

"हा... हा तर काळ्याचा नंबर!"

"व्हय. काळं हितंच हाय. चोरीला गेलंय ते पांढरं."

फौजदार खुर्चीत मागं टेकला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "पॉलिश खरवडून काढणं कारागिराचं काम आहे, जमादार. म्हणजे मिस्त्री आणखीच अडकले."

५

चांगुणा देवळामागच्या खोलीत राहत असे. नवरा फार वर्षांपूर्वी गेला, पोरबाळ नाही. नऊ दिवसांचे उपास सोडूनही तिच्या चुलीवर काही शिजलेलं दिसत नव्हतं.

सहादेव येण्याआधी दुकानाच्या अंगणात जाऊन आला होता. नळाखालच्या दगडावर शाई सांडल्यासारखा डाग होता. आता त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांची पेरं अजून काळीच.

"चांगुणाबाई, खंडेनवमीला नळावर काय घासलं?"

तिनं बोटं पदराखाली घेतली.

"मी रागवाय आलो न्हाई, बाई."

"काका, माझी चाकरी जाईल."

"दुकान राह्यलं तर चाकरी. मिस्त्री आत हायेत."

तिनं पदर तोंडाला लावला. "दोन हुती पाटावर. एक कसं लखलखीत, आन् दुसरं काळं ठिक्कर पडल्यालं. मला वाटलं, ह्येच्याकडं कुणी बघितलंच न्हाई. वरसाचा सण, आन् एक भाऊ उजळ आन् एक काळा, बरं दिसतं का देवापुढं? देवाची ताम्हनं घासते तशी चिंच घेतली, राख घेतली, आन् घासलं. तासभर घासलं, काका. काळं पानी निघालं नुसतं. निघालं तसं आतून पांढरं. मला लई आनंद झाला."

"आन् त्या वक्ती दुसरं कुठं हुतं?"

"पाटावरच. मी घासून आनलं तर ते दिसंना. वाटलं, मिस्त्रीचाचांनी कपाटात ठिवलं आसंल. मी आपलं एकच मांडलं, कुंकू लावलं, फडकं घातलं."

"फौजदाराला का न्हाई सांगितलं?"

"ते म्हनत्यात चोरी झाली. मी चोरी कुठं केली? मंग बाजारात कुनी बोललं, बंदुकीचा रंग घासला तर तिची किंमत जाती. तवापून घास उतरंना. एकलं मानूस मी. कुनाला सांगू, आन् कुनी ऐकलं आसतं?"

सहादेवानं तिच्या काळ्या पेरांकडं पुन्हा पाहिलं. तिनं त्या बिचाऱ्या हत्याराचा काळेपणा दूर केला होता, कोणी आपला कधी करत नाही म्हणून की काय.

"पानी प्यायला कोन आलं हुतं नळावर?"

"धाकले धनी. दाराशी आलं, मला बघितलं, आन् पानी न पिताच गेलं."

६

वस्तीवर पोचायला एसटीच्या थांब्यापासून दोन कोस चालावं लागलं. वाटेत माणूस भेटला नाही. उघडा माळ, करपलेली बाजरी, आणि मधोमध पत्र्याचं एक खोपट.

कानिफनाथ दारातच बसले होते. पाहुणा पाहून आधी दचकले, मग इतके आनंदले, की सहादेवालाच वाईट वाटलं.

"जमादार! या, या. पंधरा दिसांत कुनी फिरकलं न्हाई हिकडं. बसा. च्या टाकतो."

"पानीच द्या आधी."

खोपटात एक रांजण होता, अर्धा वाळूत पुरलेला. वाळू ओली होती. घरात पाण्याची टंचाई, गावापासून खेप आणायची, आणि वाळूवर मात्र नुकताच तांब्या ओतलेला. वाळू उकरली म्हणजे तिचा रंग बदलतो; तो लपवायचा तर सगळीच भिजवावी लागते.

सहादेव पाणी प्याला. तांब्या हळूच खाली ठेवला.

"कानिफराव, तुमी दर बारीला पांढरंच घ्या म्हनायचा. मी तीन आठवडे ऐकत हुतो. आप्पासाहेब ते कमरेला लावून मिरवनार. तसल्या मानसानं काळं घ्यावं, तेल लावावं, लोकांनी बघावं. तेल नको, फडकं नको, पान्यात पडलं तरी चालंल, असं कोन म्हनतं? ज्याला ते चारचौघांत बाहेर काढायचंच नसतं. पुरून ठेवायचं असतं, त्यो."

कानिफनाथांचा चेहरा पांढरा पडला.

"काळं चोरीला गेलं असं कळलं, तवा तुमी वाचला. पांढऱ्याचा हट्ट धरनाऱ्यानं काळं कशाला न्यावं? सगळे हेच म्हनले, मी बी म्हनलो. पर काळं गेलंच न्हाई. चांगुणाबाईनं चिंचेनं घासून पांढरं केलं. पाटावर राह्यलं ते काळं, आन् गेलं ते ह्ये." त्यानं रांजणाकडं बोट केलं.

कानिफनाथ ओल्या वाळूकडं बघत खाली बसले.

"दादानं ऐकलं न्हाई माझं," कानिफनाथ म्हणाले. "म्हनलो, रातीपुरतं मला देत जा. हसला. भित्र्या म्हनला. ह्या माळावर हाक मारली तर ऐकनारं कोन हाय, जमादार? बायको गेली, पोरं गेली. कडी लावून बसलो की माझाच श्वास मला ऐकू येतो. मला कुनाला मारायचं नव्हतं. उशाला काहीतरी आसावं, येवढंच."

"गोळ्या हुत्या?"

"एक बी न्हाई."

सहादेवाला हसू आलं नाही.

कानिफनाथ पुढं सरकले. त्यांनी त्याचे पाय धरले. "तुमी ह्ये न्या. दुकानाच्या मोरीत टाका. सापडलं म्हना. कुनाचं काय जातंय? मिस्त्री सुटतील, दुकान चालू हुईल, तुमी बसाल तुमच्या स्टुलावर."

सहादेवानं पाय सोडवून घेतले नाहीत. तो विचार करत होता. खरं चौकीत सांगितलं, तर पुढचा प्रश्न कुठला येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मोरीत टाकलं, तर तो प्रश्न कोणी विचारणारच नव्हतं. चार वाजता चहा, पत्रं, रजिस्टर. उरलेले दिवस तसेच गेले असते.

पण मोरीत सापडलं असतं, तरी फौजदार म्हणणारच होता, मिस्त्रीनंच टाकलं.

"उकरा," तो म्हणाला. "तुमीच उकरा, मी हात लावनार न्हाई. आन् चला माझ्यासंगं. एकलं पाठवत न्हाई तुमाला, मी हाय बरोबर."

ओल्या वाळूतून ते निघालं, तेव्हा त्याच्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता.

७

फौजदारानं सगळं लिहून घेतलं. कानिफनाथांचा जबाब, चांगुणेचा जबाब, दोन्ही नंबर. मग लेखणी खाली ठेवली.

"एक गोष्ट पटत नाही, जमादार. बाईला कळलं नाही, मान्य. तुम्ही लांबून पाहिलंत, संध्याकाळची वेळ, मान्य. पण मिस्त्री? चाळीस वर्षं ज्याचा धंदा, त्यानं स्वतः फडकं उचललं. चिंचेनं घासलेलं पोलाद आणि स्टेनलेस यांतला फरक त्याला हातभर अंतरावरून कळला नाही? का तोही यात सामील होता?"

तोच हा प्रश्न. शेजारच्या बाकावर मिस्त्री बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांना दिसत न्हाई, साहेब," सहादेव म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. चकाकतं की न्हाई, येवढंच कळतं. वर्षभर त्यांचं रजिस्टर मी लिहितोय. हातात घेतलं असतं तर बोटांनी ओळखलं असतं त्यांनी. हात लावू नका, असं मीच म्हनलो."

मिस्त्रींनी डोळे पुसले, ते रडून की सवयीनं, कळलं नाही.

त्याच दिवशी ते सुटले. आठवड्याभरात त्यांनी दुकानाचा परवाना स्वतःच जमा केला. बंदुकीच्या दुकानात आंधळा माणूस कोण बसू देणार? कर्नलसाहेबांची दोन्ही रिव्हॉल्व्हर कोर्टाच्या कपाटात गेली. कानिफनाथांवर खटला उभा राहिला. जामीन मात्र आप्पासाहेबच राहिले, आणि परत नेताना त्यांना वस्तीवर न नेता स्वतःच्या घरी घेऊन गेले. चांगुणेला देवळात भांडी घासायचं काम लागलं.

पुणतांब्याची गाडी दुपारची होती. नगर स्टेशनवर सहादेवानं मिस्त्रींचं बोचकं खिडकीतून आत दिलं, त्यांना जागेवर बसवलं आणि तो खाली उतरला.

"जमादार," आतून आवाज आला, "माझ्या डोळ्यांचं सांगितल्याशिवाय भागलंच नसतं का?"

"न्हाई, मिस्त्री."

"अच्छा." मिस्त्रींनी बोचकं मांडीवर ओढलं. "मग तुम्हीच सांगितलंत ते बरं झालं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून नको होतं."

"पत्र टाकत जा."

"लिहिणार कोण? तुम्ही इथं."

दोघंही हसले. मग शिट्टी झाली आणि डबे हलले. मिस्त्रींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि जोरजोरानं हलवू लागले. त्यांची मान वळलेली होती ती मात्र पलीकडे, पाण्याच्या नळाजवळच्या खांबाकडं. तिथं कोणीच नव्हतं.

सहादेव क्षणभर पाहत राहिला. मग धोतराचा सोगा हातात धरून तो गाडीबरोबर झपझप चालत निघाला, माणसांना बाजूला सारत, आणि त्या खांबापाशी जाऊन उभा राहिला. मिस्त्री ज्याला निरोप देत होते, त्या जागी. डबा समोरून गेला तेव्हा त्यानंही हात वर केला, आणि शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत तो तसाच वर धरून ठेवला.